तिथीची पाऊणपट आणि वेगळ्या छेदांची बेरीज

रेवदंड्याच्या खाडीवर भरतीची वेळ काढायला छापील कोष्टक लागत नाही. आज तिथी कोणती ते विचारायचे आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनच्या सुमारास पाणी भरते, अष्टमीला सहाच्या. कोकण किनाऱ्यावर हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आला आहे. कुंडलिकेच्या मुखाशी, समोर कोर्लईचा डोंगर दिसतो तिथे उभे राहून तो कोणालाही पडताळता येतो.

कागदावर तो पडताळला की मात्र जरा गंमत होते. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत तीस तिथी. तेवढ्यात भरतीची वेळ घड्याळाची चोवीस तासांची एक पूर्ण फेरी करते. म्हणजे तिथीमागे ती सरासरी २४/३०, म्हणजेच ४/५ तास पुढे सरकते. तोंडी हिशेब धरतो ३/४ तास. हिशेबातून खरी सरासरी वजा केली तर:

३/४ + (−४/५) = १५/२० + (−१६/२०) = −१/२०

तासाचा विसावा भाग, म्हणजे तीन मिनिटे, आणि तीही उणी. एका तिथीला ती कोणाच्या लक्षात येणार? पण पंधरा तिथींत ती साठत जाते. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आणि पौर्णिमेला पाणी भरते बाराच्या आसपास. लगेच मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून सुरू होते आणि पाऊण तासाची तूट खाडीत बुडून जाते. (ही सगळी सरासरीची गोष्ट. उधाण आणि भांग यांच्या फेऱ्यात वेळेचे रोजचे सरकणे कमीजास्त होतच असते.)

ही बेरीज दिसायला लहान आहे, पण सातवीच्या वर्गात बऱ्याच मुलांचा पाय नेमका इथेच अडखळतो. त्यात दोन अडचणी एकदम येतात. छेद वेगळे आहेत, म्हणजे दोन संख्या वेगवेगळ्या मापांत मोजलेल्या आहेत. आणि त्यांतली एक ऋण आहे, म्हणजे उलट्या दिशेची आहे. या दोन अडचणी एकत्र कशा शिकवाव्यात, यावर गणिताच्या अध्यापनात बराच काळ चर्चा चालू आहे. ती आज कुठवर आली आहे, याचा हा आढावा.

दोन प्रकरणांत विभागलेली गोष्ट

इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ लिहिला. अपूर्णांकांची बेरीज त्याने बाराव्या अध्यायात, म्हणजे गणिताध्यायात सांगितली: एकाच्या छेदाने दुसऱ्याचे अंश आणि छेद दोन्ही गुणा, छेद सारखे झाले की अंश मिळवा. धन, ऋण आणि शून्य यांचे नियम मात्र अठराव्या, कुट्टकाध्यायात आहेत. दोन ऋणांची बेरीज ऋण, धन आणि ऋण मिळवले तर त्यांतला फरक, आणि दोन्ही सारखी असतील तर शून्य. ऋण अपूर्णांकांच्या बेरजेला लागणारे सगळे साहित्य एकाच ग्रंथात आहे, पण सहा अध्यायांच्या अंतरावर. आजच्या शालेय पुस्तकांची ठेवणही पुष्कळशी अशीच आहे, हे पुढे दिसेल.

नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्याने ‘गणितसारसंग्रहा’त लघुतम साधारण विभाज्याची कल्पना अपूर्णांकांसाठी वापरली आणि तिला ‘निरुद्ध’ असे नाव दिले. छेदांचा सरळ गुणाकार करण्याऐवजी दोघांना चालेल असा सर्वांत लहान छेद शोधायचा, ही युक्ती तिथे स्पष्टपणे येते.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) या दोन्ही रीती शेजारी शेजारी आहेत. आधी छेदांनी परस्परांना गुणण्याची रीत, आणि लगेच पुढे असे की, बुद्धिमानाने छेदांना आधी सामाईक विभाजकाने भाग देऊन मग गुणावे. एकविसाव्या शतकात शिक्षक ज्यावरून वाद घालतात, त्याच्या दोन्ही बाजू साडेआठशे वर्षांपूर्वी एकाच श्लोकात बसल्या होत्या. पूर्णातून त्याचाच काही भाग कमी करण्याच्या उदाहरणांना ‘भागापवाह’ असे वेगळे नावही ‘लीलावती’त आहे. पूर्ण संख्येला अपूर्णांक चिकटून यावा पण तो वजा असावा, हा प्रकार इतका ओळखीचा होता की त्याची स्वतंत्र जात मानली गेली.

धन-ऋणांची पद्धतशीर मांडणी भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’साठी ठेवली. तिथे ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देतात. पण ‘लीलावती’तही एका जागी ऋण डोकावतेच. पाया ९ आणि बाजू १० व १७ असलेल्या त्रिकोणात लंबामुळे पायाचे दोन भाग काढले तर एक १५ येतो आणि दुसरा ६, पण ऋण. भास्कराचार्य त्याचा अर्थ सांगतात तो दिशेचा: तो भाग पायाच्या बाहेर, उलट्या बाजूला पडतो. ‘बीजगणिता’वर इ. स. १६०० च्या सुमारास टीका लिहिणाऱ्या कृष्ण दैवज्ञाने ही कल्पना आणखी पुढे नेली. ऋणत्व देशाचे असते, काळाचे असते आणि वस्तूचे असते, अशी त्याने वाटणी केली. पूर्वेऐवजी पश्चिमेला जाणे, पुढच्याऐवजी मागची वेळ, मालमत्तेऐवजी कर्ज. आपली तीन मिनिटांची तूट त्याच्या दुसऱ्या प्रकारात बसते.

युरोपात ऋण संख्येचा स्वीकार बराच रेंगाळला. १८३१ मध्ये ऑगस्टस डी मॉर्गनने एक उदाहरण दिले: बाप ५६ वर्षांचा, मुलगा २९ चा, बापाचे वय मुलाच्या दुप्पट केव्हा होईल? उत्तर येते उणे दोन वर्षे, आणि त्याच्या मते याचा अर्थ प्रश्नच नीट मांडलेला नाही. कृष्ण दैवज्ञाने ‘दोन वर्षांपूर्वी’ म्हणून उत्तर मोकळे केले असते.

पाऊण म्हणजे पादोन

मराठी बोलणाऱ्या मुलाला ऋण अपूर्णांक नवा नसतो, नवी असते ती त्याची खूण. ‘पाऊण’ हा शब्द ‘पादोन’ वरून आला, म्हणजे पावाने उणे. ‘पावणेदोन’ म्हणजे दोन आणि उणे पाव. ‘एकोणीस’ मध्येही एकाने उणे वीस दडलेले आहे. घड्याळात पावणेसहा वाजले असे सांगणारे पाच वर्षांचे मूल ६ + (−१/४) ही बेरीज न लिहिता बोलून जाते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ बरोबर ‘वीस एक’ अशी वाचनाची सोय दिली गेली, तेव्हा मोठा गदारोळ झाला. समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांची बाजू मुलांना सोपे जावे ही होती. विरोधकांना भाषेचे वळण मोडेल असे वाटत होते. त्या चर्चेत ‘एकोणतीस’ मधल्या लपलेल्या वजाबाकीकडे फार थोड्यांनी पाहिले. ‘वीस नऊ’ म्हटले की ती नाहीशी होते. हे बरे की वाईट, याचे उत्तर मी इथे देणार नाही.

पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ करून घेत. हे सगळे गुणाकार. बेरजेला वेगळी तयारी लागत नसे, कारण व्यवहारातले छेद मुळातच एकमेकांत बसणारे होते. चार पाव, सोळा आणे, सोळा छटाकांचा शेर. चार, सोळा आणि चौसष्ट यांच्या घरात राहणाऱ्याला लसावि शोधावा लागत नाही. मोठा छेद तोच लसावि. तीनचा भाग आला तरी नाणे मदतीला होते. आण्याच्या बारा पै, म्हणून रुपयाच्या १९२ पै. पाव रुपया म्हणजे ४८ पै, तिसरा हिस्सा ६४ पै. एकाला पाव आणि दुसऱ्याला एक तृतीयांश रुपया देणे असलेला माणूस −१/४ + (−१/३) मांडत बसत नसे. ११२ पै, म्हणजे नऊ आणे चार पै देणे, असे तो सांगून टाकी. समच्छेद करण्याचे काम टांकसाळीने आधीच करून ठेवले होते.

अलिबागहून रेवदंड्याकडे येताना लागणाऱ्या नागावात १८२५ साली केरो लक्ष्मण छत्रे यांचा जन्म झाला. पुढे ते केरूनाना म्हणून पुण्यात गणिताचे प्राध्यापक झाले, टिळकांना त्यांनी शिकवले आणि शाळांसाठी मराठीत ‘अंकगणित’ लिहिले. तोंडी पाऊणकीकडून छापील अंश-छेदांकडे जाण्याचा तो काळ. नागावच्या किनाऱ्यावरही भरती तिथीच्या पाऊणपटीनेच मोजत असणार, असे आपले मला वाटते.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि मागोमाग मेट्रिक मापे आली. शंभरात तीन बसत नाही. व्यवहारातून तृतीयांश गेला, पै गेली, आणि वेगळ्या छेदांची बेरीज बाजारातून उठून फक्त शाळेत येऊन राहिली.

पुस्तकातला क्रम

बालभारतीच्या सध्याच्या रचनेत सहावीला पूर्णांक संख्या आणि अपूर्णांकांवरील क्रिया अशी दोन प्रकरणे एकामागून एक येतात, पण वेगळी. सातवीत मसावि-लसावि येतो आणि त्यानंतर परिमेय संख्यांचे प्रकरण. तिथे ऋण आणि अपूर्णांक प्रथमच एका ओळीत भेटतात. एनसीईआरटीच्या सहावीच्या नव्या ‘गणित प्रकाश’ पुस्तकात अपूर्णांकांच्या प्रकरणात ब्रह्मगुप्ताची रीत नावानिशी दिली आहे आणि ऋण संख्या वेगळ्या प्रकरणात, खालीवर जाणाऱ्या लिफ्टच्या गोष्टीतून येतात. ब्रह्मगुप्ताचे दोन अध्याय दोन्हीकडे तसेच दूर दूर राहिले आहेत.

या क्रमाच्या समर्थकांचे म्हणणे असे की एका वेळी एकच अडचण असावी. छेद सांभाळता येऊ लागला की चिन्ह जोडता येते. उलट बाजूचे म्हणतात की वेगवेगळे शिकवले की वेगवेगळेच लक्षात राहते. संख्यारेषा पहिल्यापासून शून्याच्या दोन्ही बाजूंना काढली, तर १/४ बरोबरच −१/४ ही जागा दिसते, आणि पुढे ‘परिमेय संख्या’ हे नवे संकट वाटत नाही. दोन्ही बाजूंना वर्गातला अनुभव आहे. मला दुसरी बाजू थोडी अधिक पटते, पण सहावीच्या साठ मुलांच्या वर्गात पहिली का सोयीची वाटते हेही कळते.

तिरकस गुणाकार की लसावि

अध्यापनातला सर्वांत जुना आणि सर्वांत आवेशाने लढवला जाणारा मुद्दा हा. −५/१८ + ७/२४ घ्या. तिरकस गुणाकाराने छेद होतो ४३२, अंश −१२० आणि १२६, उत्तर ६/४३२, आणि मग संक्षेप करून १/७२. लसाविने छेद ७२, अंश −२० आणि २१, उत्तर थेट १/७२.

लसावि-पक्षाचा मुद्दा आकडे लहान राहतात हा. ऋण चिन्ह असताना तो अधिकच महत्त्वाचा, कारण १२० आणि १२६ यांच्यापेक्षा २० आणि २१ यांत मोठे कोण हे मुलाला चटकन दिसते, आणि उत्तराचे चिन्ह त्यावरच ठरते. बर्कलीचे गणिती हुंग-ह्सी वू यांनी याउलट भूमिका आग्रहाने मांडली आहे. बेरीज ही आधी एक व्याख्या आहे, छेदांचा गुणाकार हा सामाईक छेद नेहमी मिळतोच, आणि लसाविचा हट्ट धरल्यामुळे मुलांना वाटते की लसावि म्हणजेच बेरीज. बीजगणितात छेदात क्ष आला की तिरकस रीतच आधी कामाला येते, हाही त्यांच्या बाजूचा मुद्दा.

भास्कराचार्यांनी पहिली रीत सर्वांसाठी आणि दुसरी बुद्धिमानांसाठी असे सुचवून तोल राखला. आपल्या वर्गांत उलटे घडते: लसावि सर्वांना सक्तीचा, आणि तिरकस रीत शिकवणीतून चोरट्या वाटेने येते.

उणे कुठे बसते

−३/४ मधली रेघ कोणाची? अंशाची, छेदाची की सगळ्या अपूर्णांकाची? गणिताच्या दृष्टीने तिन्ही सारखेच. वर्गात मात्र समच्छेद करताना चिन्ह अंशाला चिकटवून ठेवावे, असा बहुतेक शिक्षकांचा सल्ला असतो आणि तो व्यवहार्य आहे. खरी अडचण पुढे येते. −३/४ + (−५/६) = −१९/१२, आणि पूर्णांकयुक्त रूपात हेच −१ ७/१२. याचा अर्थ −१ आणि −७/१२. मूल वाचते −१ आणि अधिक ७/१२, म्हणजे −५/१२. ही चूक अगदी निर्बुद्धही नाही. लॉगॅरिथमच्या कोष्टकात ‘बार दोन पॉइंट तीन’ असे लिहिताना नेमके तेच करत होतो: पूर्णांक ऋण, अपूर्णांक धन. आणि ‘पावणेदोन’ मध्ये उलट आहे, पूर्णांक धन आणि अपूर्णांक ऋण. एकाच घरात तीन रिवाज असल्यावर मुलाने कोणता पाळायचा? ऋण उत्तर पूर्णांकयुक्त रूपात लिहायलाच लावू नये, असे म्हणणारे शिक्षक आहेत. उत्तर संख्यारेषेवर कुठे पडते ते त्या रूपाशिवाय कळत नाही, असे म्हणणारेही आहेत.

शब्दांचाही प्रश्न आहे. मराठीत ‘वजा’ ही क्रिया आणि ‘उणे’ ही स्थिती असा भेद सहज करता येतो. ३/४ वजा उणे ५/६ असे म्हटले की दोन रेघांची दोन कामे कानाला कळतात. सेमी इंग्रजीच्या वर्गात दोन्हींना ‘मायनस’. ‘मायनस मायनस प्लस’ हा मंत्र तिथूनच निघतो, आणि मग मूल तो −३/४ + (−५/६) या बेरजेलाही लावून उत्तर धन काढते.

कशाच्या आधाराने शिकवावे

मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील रुची कुमार, के. सुब्रमण्यम आणि श्वेता नाईक यांनी शिक्षकांबरोबर केलेल्या कामात (२०१७) चिन्हयुक्त संख्येचे तीन अर्थ वेगळे केले आहेत: अवस्था, बदल आणि संबंध. मुलांपुढे ठेवायचा संदर्भ निवडताना हा भेद फार उपयोगी पडतो. खाडीच्या काठी मोजपट्टी रोवली आणि पाणी शून्याच्या खाली ३/४ मीटर असेल, तर −३/४ ही अवस्था. ते आणखी ५/६ मीटर उतरले, तर −५/६ हा बदल. अवस्थेत बदल मिळवता येतो आणि उत्तर −१९/१२ ही नवी अवस्था येते. पण काल पाणी −३/४ वर होते आणि आज −५/६ वर आहे, तर या दोन अवस्थांची बेरीज कशाची? कशाचीच नाही. कर्जाचे तसे नाही. दोन देणी एकत्र होतात. म्हणजे भरतीचे उदाहरण चांगले की कर्जाचे, हा प्रश्न संख्येच्या कोणत्या अर्थावर बेरीज चालली आहे त्यावर अवलंबून आहे. पुस्तकांत संदर्भ बहुधा प्रकरणाच्या सुरुवातीला सजावटीसारखा येतो आणि दुसऱ्या पानावर विसरला जातो.

मोजपट्टीचा आणखी एक गुण. तीवर पावाच्या खुणा असतील तर −३/४ मिळतो, −५/६ मिळत नाही. सहाव्या भागांच्या खुणा केल्या तर −३/४ निसटतो. दोन्ही नेमके बसवायचे तर बाराव्या भागांच्या खुणा कराव्याच लागतात. समच्छेद म्हणजे दोघांना पुरेल इतकी बारीक पट्टी, हे इथे हाताला कळते.

अंदाजाकडे दुर्लक्ष ही सगळ्या पद्धतींतली सामाईक उणीव. १९७८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना १२/१३ + ७/८ चे अंदाजे उत्तर विचारले होते. पर्याय १, २, १९ आणि २१. २ हे उत्तर निवडले २४ टक्क्यांनी, आणि निम्म्याहून अधिकांनी १९ किंवा २१. ऋण अपूर्णांकांत हीच चूक वेगळा वेश घेते. −२/३ + १/४ चे उत्तर −१/७ लिहिणाऱ्या मुलाने अंशात अंश, छेदात छेद मिळवला. −२/३ पासून पाव पुढे सरकल्यावर आपण शून्याच्या इतके जवळ कसे पोहोचू, असा प्रश्न त्याला कोणी विचारलेला नसतो. खरे उत्तर −५/१२. रॉबर्ट सीगलर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधल्या माहितीवरून दाखवले की दहा-बारा वर्षांच्या वयातली अपूर्णांकांची समज माध्यमिक शाळेतल्या बीजगणितातल्या यशाचे चांगले भाकीत करते. मुद्दा केवळ सातवीच्या चार गुणांचा नाही.

दशांश असताना हे कशाला?

हा आक्षेप पालकांकडून येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरतीच्या कोष्टकांत पाण्याची उंची मीटरमध्ये आणि दशांशात असते. तिथे कोणी ५/६ लिहीत नाही. −०.७५ मध्ये −०.८३ मिळवा आणि मोकळे व्हा. उत्तरादाखल दोन गोष्टी सांगितल्या जातात. ५/६ दशांशात संपत नाही, म्हणून तो पुन्हा पुन्हा मिळवताना दर पायरीला थोडे थोडे सांडते. आणि बीजगणितात छेदात चल आला की दशांश हात वर करतो. आक्षेप घेणारे यावर विचारतात की, किती मुले त्या बीजगणितापर्यंत जातात? आकड्यांनी निकाल लागावा असा हा प्रश्न नाही. शाळा कशासाठी, हा प्रश्न त्याच्या तळाशी आहे.

काय उरले

काही बाबतीत साधारण एकमत झालेले दिसते: संख्यारेषा लवकर आणावी, उत्तराआधी अंदाज विचारावा, संदर्भ अर्थ पाहून निवडावा. लसावि कधी सक्तीचा करावा, ऋण पूर्णांकयुक्त अपूर्णांक लिहावा की नाही, आणि धन-ऋण व अपूर्णांक यांची पहिली भेट सहावीत घडवावी की सातवीत, हे तीन प्रश्न खुले आहेत. परीक्षेत फक्त शेवटचे उत्तर तपासले जाते तोवर पहिल्या दोहोंवर वर्गात प्रयोग करायला शिक्षक धजणार नाहीत, हीही एक अडचण.

भरतीच्या उदाहरणात एक गोष्ट सांगायची राहिली. दिवसाच्या साठ घटका आणि महिन्याच्या तीस तिथी. घटकेत मोजले तर तिथीमागे नेमक्या दोन घटका होतात. अपूर्णांकच उरत नाही, आणि पंधराव्या तिथीला तीस घटका म्हणजे बरोबर बारा तास. पाऊण आला तो तासाबरोबर आला, आणि त्यात तिथीमागे जी तूट पडते ती अर्धपाव घटका, म्हणजे घटकेचा आठवा भाग. सातवीच्या मुलांपुढे हे उदाहरण ठेवताना घटका आधीच सांगावी, की २० हा छेद त्यांनी शोधून काढल्यावर सांगावी, यावर मी ज्या दोघा-तिघा शिक्षकांशी बोललो त्यांचे एकमत झाले नाही.